आकांक्षाचे जार, आमचे दंड

राजापेठेतल्या ट्युशन क्लासेसना पाण्याचे जार कोण पुरवतं? आमची आकांक्षा! छोटा टेम्पो स्वतः चालवते आणि जार उचलून जिना अशी चढते की पोरं भिंतीला चिकटून वाट देतात. संध्याकाळी ती आमच्यासोबत जिममध्ये. तिथली लेडीज बॅचची ट्रेनर लग्न होऊन अकोल्याला गेली, तेव्हा मालक चंद्रभान सरांनी जाहीर केलं, जी दांड्याला लटकून पाच पुल-अप नीट काढून दाखवेल तिला बॅच. आकांक्षाला ती बॅच हवीच होती. दुसरं काही तिच्या डोक्यातच नव्हतं.

पण तिसऱ्या पुल-अपला तिचं घोडं अडायचं. व्यायामाचा क्रम तर तिचा चोख होता, आधी पाठ, मग बायसेप्स, म्हणजे दंड. पाठीचा व्यायाम म्हणजे ओढणं, आणि ओढायला दंड लागतातच. तेच आधी थकवले, तर पाठीला घाम फुटायच्या आत हात गळतात. मी आल्या आल्या दंडांची वजनं उचलली की ती माझ्यावर खेकसायची. मला आरशात फुगलेले दंड बघायची हौस, त्याला काय करू!

धुळवडीला क्लासेस बंद होते. संध्याकाळी जिम उघडताच बयेने पाच पुल-अप काढले! मी किंचाळलेच.

"आज कसं काय जमलं वं?"

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. "आज जार नाई उचलले ना मी! अवं, मी त रोज सकाळपासून बायसेप्सच करून राहिली!"

खरंच की! जार कवटाळायचा, उचलायचा, वर न्यायचा. जिममधला क्रम बरोबर, अन् दिवसाचा उलटा! आम्ही हसून हसून लोळलो.

पण सरांसमोरची परीक्षा नेमकी भर एप्रिलातल्या शनिवारी संध्याकाळी, म्हणजे दिवसभर जार उचलून झाल्यावर. सर वेळ बदलायला तयार नाहीत, आणि पोरांना तहानलेलं ठेवणं आकांक्षाला मान्य नाही. तिचा चेहरा पडला. तेव्हा बॅचमधल्या सर्वांत वडीलधाऱ्या सुभद्राकाकू कडाडल्या, "तू फकस्त टेम्पो चालव. जार आमी चढवतो!"

आणि चढवले! आम्ही सगळ्याजणी. क्लासवाल्यांना तिसरा मजलाच का आवडतो, देव जाणे. मी प्रत्येक पायरीवर त्यांचा उद्धार केला.

संध्याकाळी आकांक्षा दांड्याला लटकली. चार झाले. पाचवा अर्ध्यात थांबला. मग पाठ ताणली गेली आणि हनुवटी दांड्याच्या वर!

"सोमवारपासून बॅच तुझी," सर म्हणाले.

आम्ही आनंदाने जिम डोक्यावर घेतलं. टाळ्या मात्र एकीच्याही वाजल्या नाहीत, कारण हात छातीपर्यंतही येईनात. आकांक्षा दांड्यावरून उतरली आणि रडत रडत एकेकीचे दंड चोळत सुटली.