बारा शेळ्यांची फिर्याद

नोकरीतील पुष्कळ प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र आजही वेगळे आठवते. ते गाजले नाही आणि त्याची बातमीही कोठे छापून आली नाही. परंतु फिर्यादीत जितका माल गेला म्हणून लिहिला होता, त्याच्या दुपटीहून अधिक माल तपासात हाती लागला, असे माझ्या उभ्या नोकरीत एकदाच घडले.

इंग्रजी अंमल होता. सोलापूर शहर गिरणीच्या भोंग्यावर उठत होते. शहराच्या कडेच्या एका ठाण्याचा मी फौजदार होतो. हाताखाली एक जमादार आणि आठ शिपाई. सकाळी हजेरी, मग गस्तीचा अहवाल, मग फिर्यादी, हा क्रम मी कधी मोडू दिला नाही.

ठाण्याच्या हद्दीत, गिरण्यांच्या मागे, चाळीसएक झोपड्यांची वस्ती होती. दुष्काळात गाव सोडून आलेली माणसे. पुरुष मिळेल ती हमाली करीत. बाया माळावरून सरपणाच्या मोळ्या आणून शहरात विकत. शहरातील एका वयोवृद्ध कापड व्यापाऱ्याने, ज्यांना सारे आप्पा म्हणत, या वस्तीतील बारा घरांना प्रत्येकी एक शेळी दान दिली होती. दिलेले धान्य महिन्यात संपते, शेळी घर धरून राहते, असे त्यांचे म्हणणे होते. अट एकच. शेळी विकायची नाही व कापायची नाही. ओळख राहावी म्हणून प्रत्येकीच्या डाव्या कानाला दोन खाचा पाडल्या होत्या. पहिल्या बारा नीट सांभाळल्या गेल्या तर संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेआधी आणखी बारा घरांना शेळ्या देण्याचे आप्पांनी कबूल केले होते.

या गोष्टीस दीड वर्ष झाले असता बातमी आली. जनावरांच्या बाजारातील एक दलाल आमच्या जमादाराला अधूनमधून खबर देत असे. तो एका सकाळी ठाण्यात आला आणि पायरीवरच उकिडवा बसला.

"साब, वो धरम की बकऱ्या बिक गई दिसती."

"कशावरून?"

"अक्कलकोट के रस्ते पे खडी फोडनेवालों की बस्ती है ना, वहां देखा मैं. दो खाच, बायां कान. एक नई, दो नई, सात!"

मी आप्पांच्या दुकानी कळवले. तासाभरात त्यांचा कारकून बाराही शेळ्या गेल्याची फिर्याद घेऊन हजर झाला. तो काटेकोर व कडवट गृहस्थ होता.

"उपकार कोणाला पचतो, साहेब? मी मालकांना पहिल्याच दिवशी सांगितले होते. गुन्हा शाबीत झाला तर बाराही परत घ्यायच्या, आणि पुढच्या बारांचे नाव काढायचे नाही. मालकांनी तसे कबूल केले आहे."

मी विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला आणि जमादार, दोन शिपाई व दोन पंच घेऊन वस्तीत गेलो. सकाळचे दहा वाजले असतील.

बारा घरांपैकी पाच घरी शेळी दिसली. उरलेल्या सात घरी दिसली नाही.

"शेळी कोठे आहे?"

"चरायला गेलिया, सायेब."

पुढच्या घरी विचारले. "चरायला गेलिया." त्याच्या पुढच्या घरीही तेच.

जमादार माझ्या कानाशी म्हणाला, "एकाच तालमीत शिकलेल्या दिसतात, साहेब."

मलाही तसेच वाटले. इकडे सात कमी, तिकडे सात जास्त. हिशेब इतका चोख बसला, की मी पुढे पाहिलेच नाही. घराघरांपुढे डालगी, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपल्या, पालथी घातलेली होती. काहींच्या आतून खुडबुड ऐकू येत होती. मी एकही डालगे उचलले नाही. शेळ्या संध्याकाळी घरी येतात, हे मला, शेतकऱ्याच्या मुलाला, कोणी सांगायला नको होते. मी संध्याकाळपर्यंत थांबलोही नाही. चूक माझी होती. म्हणून लिहून ठेवतो.

सर्वांच्या वतीने एक विधवा बाई बोलत होती. वय तिशीचे. पदरी दोन मुली. शेळीचे दूध ती गिरणीच्या दरवाजाजवळील चहावाल्याला घालीत असे. त्या दुधाच्या आधारावर तिने दोन्ही मुलींना मोळ्यांच्या कामावरून सोडवले होते. तिची स्वतःची शेळी दारातच होती. मी तिला जबानीसाठी ठाण्यात चलण्यास सांगितले.

"येते की. पर हिला ठेवून न्हाय यायची. हिचं दिस भरल्यात."

"शेळीचे काम नाही."

"तुमचं न्हाय. माजं हाय."

शेवटी ती शेळीसह आली. पुढे जमादार, मध्ये दावे धरलेली बाई, मागे जड पोटाने चालणारी शेळी. चहाच्या दुकानावरून कोणी ओरडले, "जमादारसाहेब, आरोपी कंचा? दोन पायांचा का चार पायांचा?" जमादार तांबडालाल झाला. मी मान वळवली नाही.

ठाण्यात शेळी मागील आवारात लिंबाखाली बांधली. बाई ओसरीवर बसली. मी जबानी घेऊ लागलो.

"सात शेळ्या कोणाला विकल्या?"

"इकल्या न्हाईत."

"मग दोन खाचांच्या शेळ्या खडीच्या वस्तीत कशा गेल्या?"

इतका वेळ तडातडा बोलणाऱ्या बाईचा आवाज खाली आला. तिने विचारले, "त्यांच्याकडनं न्हेनार का त्या?"

"गुन्ह्याचा माल असेल तर जप्त होईल."

"मग मी न्हाय सांगायची."

"तर आळ तुझ्यावर राहील. तुझी शेळीही जाईल. कळते का?"

तिने आवाराकडे पाहिले. तिचा चेहरा उतरला, पण तोंड उघडले नाही. मी दरडावले, समजावले, काही वेळ एकटी बसू दिले. ठाण्यात गप्प बसणाऱ्या माणसाचा एकच अर्थ मला त्या काळी ठाऊक होता. मी स्टेशन डायरीत लिहिले, बाई माहिती दडवीत आहे.

तेवढ्यात आवारातून जमादाराची हाक आली. "साहेब, हिला कळा लागल्यात!"

बाई उठून धावली. मी नको म्हणालो असतो तरी ती थांबली नसती. पंधरा वर्षे नोकरी झालेला आमचा जमादार बाह्या सारून शेळीच्या डोक्याशी बसला. एक शिपाई तरट शोधू लागला, दुसरा पाण्याची घागर घेऊन आला. हजेरीला जी तत्परता मला कधी दिसली नाही, ती त्या दिवशी दिसली.

"धर, जमादारदादा, घट्ट धर. म्हशीवानी नगं वडू!"

"मला शिकवू नकोस, बाई. आमच्या घरी गोठा होता."

"मग गोठ्यात काय नुसती शिंगं मोजली व्हय?"

करडू जमिनीवर आले. ओलेचिंब, काळे, कपाळावर पांढरा ठिपका. बाईने ते उलटून पाहिले आणि हसून टाळी वाजवली. "पाट हाय! पाट झाली!" पाट म्हणजे मादी करडू. शेळीने चाटून घेतले. करडाने उभे राहण्याचा प्रयत्न केला, पडले, पुन्हा उभे राहिले. आठ शिपाई कोंडाळे करून पाहत होते. त्यांना कामावर जाण्यास सांगावे, हे माझ्याही लक्षात आले नाही.

त्यानंतर बाईने जमादारापुढे हात केला. "चाकू दे की."

जमादाराने माझ्याकडे पाहिले. मी होकार दिला. तिने पाते पाण्याने धुतले, करडाचा डावा कान दोन बोटांत धरला आणि झटक्यात दोन खाचा पाडल्या. करडू किंचाळले. तिने चिमूटभर राख मागून लावली.

"पाचवीला करतो आमी," ती सहज म्हणाली. "पर हितं सरकारच साक्षीला हाय. आजच बरं."

मी विचारले, "ही खूण तर दान दिलेल्या शेळीची. तू करडाला का केलीस?"

"व्हय. न्हाय केली तर तुमीच इचारशिला की, गरिबाच्या घरात शेळी कुटनं आली? खाच असली की कुनी इचारत न्हाय. समद्या करतात."

ती बोलून गेली आणि थांबली. आपण काय सांगितले ते तिच्या ध्यानात आले. माझ्याही आले होते. मी ओसरीवर न जाता तेथेच, घागरीशेजारच्या दगडावर बसलो.

"सर्व सांग. शेळी जप्त करण्यापूर्वी मी स्वतः पाहीन. माझा शब्द आहे."

मग तिने सांगितले. त्यांच्यात रीत अशी, की दानाने आलेल्या जनावराची पहिली पाट घरात ठेवायची नाही. ज्याच्याकडे नाही त्याला द्यायची. माळावरून मोळ्या घेऊन येताना या बायांना दोन कोसांत कोठे सावली नव्हती. खडी फोडणाऱ्यांच्या वस्तीत त्या मोळी टेकवीत. तेथल्या बाया स्वतः लांबून आणलेले पाणी त्यांना तांब्यातांब्याने पाजीत. सात घरी पहिल्या वेताला पाट झाली. सातही तिकडे गेल्या. हिच्या शेळीला पहिल्या वेताला बोकड झाला होता, म्हणून तिकडच्या एका म्हातारीला तिने पुढच्या पाटीचा शब्द दिला होता.

"आप्पांनी इकू नगा म्हटलं, कापू नगा म्हटलं. देऊ नगा असं न्हाई म्हटलं. पर कारकून लई वाकडा. कळलं तर त्यांच्या शेळ्या न्हील, असं वाटलं. त्यांची पोरं आत्ता कुटं दुदाची आस धराया लागल्यात, सायेब."

जबानी म्हणजे पुरावा नव्हे. मी त्याच दुपारी दलालास बोलावले, कारकुनासही बरोबर घेतले आणि पंचांसह खडीच्या वस्तीवर गेलो. वर्दी पाहताच तेथील बाया आपापल्या शेळीपुढे आडव्या उभ्या राहिल्या.  मी दलालाला सांगितले, "तोंड उघडून दात पहा."

जनावराचे वय दातांवरून ठरते, हे खेड्यात सर्वांना माहीत असते. आप्पांनी दीड वर्षापूर्वी दिलेल्या शेळ्या दुदाती, म्हणजे दोन पक्के दात आलेल्या, होत्या. त्यांना एव्हाना चार दात हवेत. दलालाने पहिलीचे ओठ वर केले आणि तो बघतच राहिला. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली.

"साब, ये तो अदंत है. सब की सब. दूध के दांत."

"मग आधी का पाहिले नाही?"

"बेचने का माल होता तो मूं खोलता, साब. मेरी आंख तो बस कान पे गई."

कारकुनाने स्वतः वाकून सातही तोंडे तपासली. पंचनाम्यावर त्याने सही केली. नंतर त्याने एका बाईकडे पाणी मागितले. तिने तांब्याभर दिले. हसून दिले, हे मी पाहिले.

संध्याकाळी वस्तीवर परत गेलो. सातही शेळ्या चरून घरी आल्या होत्या. या वेळी मी डालगी उचलावयास लावली. खाली सहा करडे, सर्वांच्या कानांस ताज्या खाचा. फिर्यादीत बारा, पंचनाम्यात ठाण्यातल्या करडासह सव्वीस. मी मोजणी पुन्हा करवली, कारण वरिष्ठ विश्वास ठेवणार नाहीत, अशी मला खात्री होती.

आप्पा स्वतः ठाण्यात आले. मी कागद वाचून दाखवला. ते मध्येच हसू लागले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "छलो आतु, फौजदारसाहेब, लई चांगलं झालं! मी बारा घरं मनात धरली होती. या बायांनी एकोणीस केली. आता जत्रेची वाट कशाला बघायची?"

त्याच आठवड्यात पुढच्या बारा शेळ्या वस्तीत आल्या. हलगी वाजली. बाईच्या मुलींनी शेळ्यांना कुंकू लावले आणि आमच्या जमादारालाही लावले. त्याने पुसले नाही. बाईने त्याला सर्वांदेखत सुनावले, "पाटीचा मान तुजा हुता दादा, तूच सोडवलीस. पर खडीवरच्या म्हातारीला सबूद दिला हुता." दूध तुटल्यावर ती पाट तिने म्हातारीच्या दारात नेऊन बांधली.

मी प्रकरण सी समरीत काढण्याचा अहवाल पाठवला. सी समरी म्हणजे गैरसमजाने आलेली फिर्याद. मॅजिस्ट्रेटने ती मंजूर केली. ठाण्याच्या हुकूम वहीत एक ओळ वाढवली: फिर्याद नसता कोणाच्या घरच्या जनावराबद्दल चौकशी करू नये. ती ओळ मी लिहिली, पण लिहावी लागली याचे मला समाधान नाही. त्या बाया आपण निर्दोष दिसावे म्हणून करडांचे कान कापीत होत्या. मी त्याच कानांवरून त्यांना गुन्हेगार ठरवले होते.

आरोपीचे मौन म्हणजे कबुली, असे आम्हांला शिकवले होते. ती बाई गप्प बसली, तेव्हा तिची शेळी, तिचे दूध, तिच्या मुलींचे सुख, सर्व पणाला लागले होते आणि ती दुसऱ्यांच्या शेळ्या राखीत होती. यानंतर माझ्यासमोर कोणी गप्प बसला, की मी दरडावणे सोडून प्रथम एवढेच विचारीत असे: तू बोललास तर नुकसान कोणाचे होईल? पुष्कळ वेळा माणूस याच प्रश्नाला उत्तर देई. आणि ते उत्तर ऐकून मला काही वेळा लेखणी खाली ठेवावी लागली.