समोर मिठाची बरणी

पगारे सरांसमोर कुणाला वाक्य पुरं करता येत नसे. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी धापा टाकत तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिरले आणि म्हणाले, "सर, मी निफाडहून..." "येतेस, बस चुकली, म्हणून उशीर. बस खाली." खरंच बस चुकली होती, पण सांगायचं मला होतं ना!

एन्क्रातेया हा जुना ग्रीक शब्द मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला. आम्ही वहीत मुकाट्याने 'संयम' लिहिलं, तर सर खवळले. "संयम लिहा, मार्क देईन. पण तुम्हाला कळलंय असं मानणार नाही! ज्याला जिलेबी आवडतच नाही त्याने ती सोडली, तर त्यात कसली मर्दुमकी? तोंडाला पाणी सुटलंय, ताट पुढ्यात आहे आणि हात मांडीवर आहे, ही एन्क्रातेया. क्रातोस म्हणजे सत्ता. डेमॉक्रसीत आहे तोच. तिथे लोकांची सत्ता, इथे आपली आपल्यावर."

हे नुसतं शिकवणं नव्हतं. तरुणपणी लागलेली तंबाखू त्यांनी सोडली होती, पण सुटली असं ते कधी म्हणाले नाहीत. "तलफ रोज येते. आत्ता तुझ्याशी बोलतानाही आलीय," असं हसत सांगायचे. मोठेपणाचा आव न आणणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. सत्ता चालत नव्हती ती फक्त जिभेवर. त्यांच्या पत्नी कुसुमकाकू, प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, म्हणायच्या, "माझं बोलणं हेच पुरं करतात. मला आपलं तोंड उघडायचं तेवढं काम."

गेल्या वर्षी काकूंना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचा अडकली. सगळं कळायचं, फक्त शब्द सापडायचा नाही. त्यांना पुन्हा बोलतं करायला येणाऱ्या स्पीच थेरपिस्टने सरांना समोर बसवून बजावलं, "सर, शब्द तुम्ही पुरवायचा नाही. त्यांना शोधू द्या. तुम्ही देत राहिलात, तर त्या शोधायचंच सोडून देतील."

हे ऐकलं तेव्हा मला काकूंपेक्षा सरांचीच काळजी वाटली.

मध्यंतरी एका रविवारी सकाळी मी इंदिरानगरला त्यांच्या घरी गेले. सरांनी स्वतः पोहे केले होते. काकूंचं बोलणं अजून एकेका शब्दावरच होतं. दोन शब्द जोडून आलेले कुणी ऐकले नव्हते. आम्ही तिघं स्वयंपाकघराला लागून असलेल्या टेबलाशी बसलो. पहिला घास घेतला आणि माझ्या लक्षात आलं, सर मीठ घालायलाच विसरलेत. सरांच्याही लक्षात आलं, चेहराच सांगत होता. मिठाची बरणी त्यांच्या हाताशी होती.

तेवढ्यात काकूंनी चमचा खाली ठेवला. "पो..." म्हणाल्या आणि थांबल्या. ओठ हलले, कपाळावर आठ्या आल्या. मी बरणीकडे हात नेला. सरांनी माझं मनगट धरलं. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

"पोह्यांत..."

सर दातांखाली ओठ दाबून बसले होते. शब्द त्यांच्या अगदी तोंडाशी आलेला मला दिसत होता. साऱ्या जन्मात त्यांनी इतका वेळ कुणाला दिला नसेल. काकूंचे डोळे भरून आले, मान हलली, नको, राहू दे, अशी. मला ते बघवेना. सर मात्र तसेच बसून राहिले, त्यांच्याकडे बघत, जगात दुसरं काही काम नसल्यासारखे.

"पोह्यांत... मीठ... नाही."

तीन शब्द! आपल्या स्वयंपाकाला नाव ठेवलेलं ऐकून इतका आनंदलेला नवरा मी पाहिलेला नाही. "मीठ आणतो," असं कसंबसं पुटपुटत सर उठून स्वयंपाकघरात गेले. बरणी टेबलावरच होती. आत नळ सुरू झाला आणि बराच वेळ चालूच राहिला.

काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला, तोंड पुसलं आणि सावकाश, एकेक शब्द वेचत म्हणाल्या,

"जा... बघ. रडत... असतील."