मागितल्याशिवाय नाही

मी संगणकशास्त्रात आळशी गणनावर पीएचडी करते, हे गावी, सास्तूरला येऊन सांगितलं हीच माझी चूक. पलीकडच्या गल्लीतल्या आत्यानं ऐकलं, अळशी. आमच्याकडं तिला जवस म्हणतात, पण टीव्हीवर अळशी म्हणतात हे आत्याला पक्कं ठाऊक. "शिकून शिकून जवसावर आलीस व्हय गं!" ती म्हणाली, आणि गावभर झालं. त्या उन्हाळ्यात लोक मला विचारायचे, जवसाला मर रोग का लागतो म्हणून. कुणाकुणाच्या तोंडाला हात लावणार?

खरं तर विषय सोपा आहे. कुठलीही किंमत, म्हणजे हिशेबाचं उत्तर, कुणी मागेपर्यंत काढायची नाही. पहिल्यानं मागितली की काढायची आणि जपून ठेवायची. नंतर येईल त्याला तीच द्यायची. हा आळस मला एकमेकींना निरोप धाडणाऱ्या प्रक्रियांच्या भाषेत उतरवायचा होता. तिथं निरोपातून पत्तेही जातात. पत्ता मिळाला की कालपर्यंतची अनोळखी प्रक्रियाही थेट दारात येऊन मागते. दुपारी लिंबाखाली बाजेवर पडलं की त्या मला दिसायच्या, आपापल्या दारात गप्प बसलेल्या, कुणी विचारील म्हणून थांबलेल्या. पानं हलायची, डोळे मिटत यायचे, आणि त्यांतली एक हळूहळू आण्णांसारखी दिसायला लागायची.

आण्णा, माझे वडील, विचारल्याशिवाय बोलत नाहीत. भूक लागली तरी नाही. आई गेल्यावर तर घरात फक्त रेडिओ बोलायचा. अशात मला परदेशातल्या विद्यापीठातून बोलावणं आलं, काही वर्षांसाठी. मी गेले की ते अगदी एकटे. मी विचारत नव्हते, म्हणून ते सांगत नव्हते. उत्तर त्यांच्याजवळ होतंच. मलाच ते मागायची भीती वाटत होती.

शेवटी एका संध्याकाळी ते बैलांना वैरण टाकत होते, तेव्हा विचारलं, "आण्णा, मी जाऊ का?"

त्यांनी पेंढी सोडली, पसरली.

"जा," म्हणाले.

केवढं हलकं वाटलं मला! पण खात्री करून घ्यायची खोड जात नाही. "खरंच जाऊ?" माझ्या कागदांवर दुसऱ्यांदा विचारायला काहीच खर्च पडत नाही, ठेवलेलं उत्तर उचलायचं आणि द्यायचं.

आण्णांनी दुसरी पेंढी उचलली आणि न सोडताच खाली ठेवली.

"पुन्यांदा नगं इचारू, बाई," ते म्हणाले. "एकबारी म्हनलो. दुसऱ्यांदा माझ्यानं म्हनवायचं न्हाय."