धुऱ्यावरची तार

फुलसावंगीजवळच्या तांड्यात रुक्माबाईशी वाद घालून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. अंगात आरशांची कांचळी, आणि आवाज असा की पलीकडच्या शेतातला बैलही थबकावा. शनिवारी चुलीवरची पहिली भाकर मारुतीची, म्हणजे वानरांची, हा तिचा नेम होता.

पूर्वी त्या नेमाचा कोणाला त्रास नव्हता. जंगलातून नाल्यावरच्या उंबरांकडे जाणारा वानरांचा कळप धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरच्या मोह-टेंभुर्णीवरून उड्या मारत जायचा. मग कापसाचे दिवस फिरले. पिकत होतं त्यात भागेना, म्हणून आणखी दोन तासं, दोन ओळी, पेरता याव्यात यासाठी जो तो धुरे खरडू लागला. रुक्माबाईच्या मुलाने, देवसिंगनेही झाडं पाडली. एक मोह तेवढा वाचला, तोही आई खोडाला पाठ लावून बसली म्हणून.

झाडांवरचा रस्ता गेला तशी वानरं घरांवरून जाऊ लागली. छपरांवरचे कवेलू फुटले, वाळवणं गेली. तांड्याने रुक्माबाईला धारेवर धरलं, "तूच लाडावून ठेवले!" तिने तोड काढली. भाकर दारापुढे न ठेवता शेतातल्या मोहाखाली ठेवायची. वानरं खरंच शेतात गेली. पण मोहाला लागूनच देवसिंगची तूर होती, ऐन शेंगांवर आलेली. भाकर हा नुसता चहा झाला, जेवायला पाहुणे तुरीत बसू लागले. एवढी साधी गोष्ट त्या शहाण्या बाईच्या ध्यानात कशी आली नाही, देव जाणे.

देवसिंग कातावला. तोंडाने काही बोलला नाही, आणि तिथेच सगळं चुकलं. आई आडवी येईल म्हणून त्याने शनिवारी झुंजूमुंजूला एकट्यानेच तुरीभोवती उघडी तार ओढली आणि पाण्याच्या मोटारीच्या पेटीला जोडली. लाइन गेलेली होती. त्या वर्षांत ती असायची कमी आणि जायची फार. पेटी 'ऑटो'वर होती, लाइन आली की आपोआप सगळं सुरू होणार. काम उरकून तो घरी आला.

"याडी, चहा टाक." त्याने आईला सांगितलं. मग हलकेच म्हणाला, "आज वांदरायचा कायमचा बंदोबस्त केला. तुरीले करंट लावला."

रुक्माबाईच्या हातातलं भगोनं खाली पडलं.

"बबिता गेली ना रे भाकर घेऊन! माहे गुडघे दुखून राह्यले म्हणून मीच धाडलं तिले."

बबिता म्हणजे देवसिंगची बायको. तो कधी उठला आणि कधी पळाला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. मागून गुडघे विसरून रुक्माबाई धावत होती आणि मारुतीला, लाइनला, पोराला, एका दमात सगळ्यांना हाका मारत होती. आज नोको येऊ, आज नोको येऊ, एवढंच तिच्या तोंडी होतं.

बबिता वाकलेली होती. एका हातात भाकर, दुसऱ्या हाताने तार वर धरून ती खालून सरकत होती. मोहावर वानरं वाट बघत बसली होती.

"तार सोड!" देवसिंग ओरडला. ती दचकली आणि सोडायच्या ऐवजी तिने तार घट्ट पकडली. तो तिच्यापाशी थांबलाच नाही, थेट पेटीकडे गेला आणि जोडलेली तार हिसका मारून तोडली. तोल जाऊन मातीत आपटला.

तो उठायच्या आत मोटार घुं करून सुरू झाली. पाटात पाणी आलं.

रुक्माबाईने सुनेला छातीशी धरलं ते सोडेचना. बबिताला काहीच उमगत नव्हतं. "झालं काय? तुम्ही काहून रडून राह्यले?" रुक्माबाई हसत होती, रडत होती, मध्येच पोराच्या पाठीत धपाटे घालत होती. देवसिंग ते मुकाट खात होता. इतकं हलकं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी तो स्वतःहून तांड्याच्या नायकाकडे, धरमसिंगकडे गेला. ओट्यावर माणसं बसली होती, कडेला रुक्माबाईही होती. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. "माह्या बायकोचा हात तारेवर होता," एवढं बोलून तो ओट्याखाली मातीतच बसला.

मग धरमसिंग म्हणाला, "झाडं आपण तोडली. रस्ता त्यायचा गेला, अन् आता जीव आपला जाते का? मोहापासून नाल्यापर्यंत धुरा सोडा. पुढच्या वर्षी तिथं नांगर नाही. अन् रुक्माबाई, भाकर मारुतीच्या पारावर ठेव. तो देईन ज्याले द्यायची त्याले." रुक्माबाई पहिल्यांदाच वाद न घालता "हो" म्हणाली.

बैठक मोडायच्या आत बाबाराव नावाचा शेजारी चप्पल न घालताच उठून अंधारात शेताकडे पळाला. त्यानेही तार लावली होती, आणि कोणाला सांगितलं नव्हतं. रुक्माबाई रोज सकाळी त्याच्याच धुऱ्यावरून सरपण आणायची.