दवाखान्यातला चकचकीत डबा

ते प्रकरण आठवलं की अजून माझं टाळकं सरकतं.

मी सातवी शिकलेली. नवरा पोलिसात असताना वारला, त्याच्या जागी मला घेतलं. नव्वदच्या दशकात वसईकडच्या एका ठाण्यात मी हवालदार होते.

अर्नाळ्याच्या एका कोळ्याची सून मूल होत नाही म्हणून खाजगी दवाखान्यात गेली. तिथे नळीने गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढला. चौथ्या दिवशी पोटात पू झाला आणि सरकारी इस्पितळातून आम्हाला खबर आली. दवाखान्याचा डॉक्टर जबाबात म्हणाला, "सासूने गावठी मुळी घातली असणार." आम्ही लिहून घेतलं आणि सासूला दोन दिवस ठाण्यात बाकावर बसवलं. सुनेच्या कानावर ते गेलं, तिने सासूचं तोंड पाहायचं सोडलं.

"खरं बोल," मी दरडावलं.

"गर्भ पाडायची मुळी मी कशाला घालू, बाय? नातू मलाच पायजे ना?"

तिसऱ्या दिवशी मासळीबाजारात त्या दवाखान्याची आया भेटली. कोलंबी निवडत हळूच म्हणाली, "त्या दिवशी बायका पाच, नळी एक. स्पिरिटचा बोळा फिरवला की पुढची आत."

मी इस्पितळात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मुळीचा मागमूस नाही. सुनेला एंडोमेट्रिऑसिस हा आजार होता, अंडाशयात जुन्या रक्ताची गाठ. अशा गाठीत जंतू शिरले की लगेच पू धरतो, म्हणून अशा बाईला दुप्पट जपायचं. गाठीचा रिपोर्ट त्या खाजगी डॉक्टरच्याच फायलीत होता.

पंच घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरने नळ्या उकळायचा चकचकीत डबा दाखवला. "चार वर्षं रोज याच्यात उकळतो."

"पाणी बोअरचं?"

"हो."

"माझ्या चहाच्या पातेल्याला आठ दिवसांत पांढरा थर धरतो. याला का नाही?"

"तुम्ही शिकलात किती?"

"सातवी. भांडी मात्र जन्मभर घासलीत."

त्याने कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडरच बोलला, "तपासणीवाले येणार असले की तो डबा बाहेर काढतो."

गुन्हा दाखल झाला, तारखा पडत राहिल्या, डॉक्टरने दुसरीकडे पाटी लावली. सून वाचली, पण गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या काढाव्या लागल्या.

डॉक्टरवर राग आहेच. स्वतःवर जास्त आहे. जबाब घेताना कोटवाल्या डॉक्टरला मी खुर्ची दिली आणि मासळीचा वास येणाऱ्या बाईला बाक. पुढे नोकरीत मी जबाब देणारा कशावर बसलाय ते पाहणं सोडलं.

सासूची माफी मागितली तर म्हणाली, "माफीचं मी काय करू? चल, सुनेला सांग."

वर्दीतच गेले आणि सांगितलं.