एका निधनाचे तीन निरोप

मी बनवलेली सभासद-यादी इतकी हुशार आहे की माणसाला शिंक यायच्या आधी तिला कळतं, असं मी आमच्या रायपूरच्या मराठी मंडळात सांगत फिरायचो. खरं एवढंच होतं: कोणाची नोंद बदलून जतन केली की प्रोग्राम आपोआप निरोप पाठवायचा. नव्या सभासदाला स्वागत. ‘दिवंगत’ अशी खूण असली तर घरच्यांना सांत्वन. ‘तुम्ही फक्त बटण दाबा, रडायचं काम माझा कोड करेल,’ असं मी भर सभेत म्हणालो होतो. लोक हसलेही.

मग शेजारच्या काकू लेकीकडे नवा रायपूरला राहायला गेल्या. काकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मंडळाच्या कार्यक्रमांत खुर्च्या मांडायचं काम त्यांचं; अर्धं छत्तीसगड त्यांनीच बसवलं म्हणा ना. मंडळाचा अंक अजून त्यांच्याच नावानं यायचा, म्हणून काकूंनी मला त्यांच्या नोंदीतला पत्ता बदलायला सांगितला. मी बदलला. सेक्टर चुकला, पुन्हा बदलला. मग घराचा नंबर. तीनदा जतन केलं, आणि तीनदा काकूंच्या फोनवर निरोप गेला: ‘आपल्या पतीच्या निधनाची वार्ता आत्ताच समजली.’

खूण आज लागली की जुनीच आहे, हे तपासणारी ओळ मी लिहिलीच नव्हती.

काकूंचा फोन आला. ‘काहून रे बाबू, मंडळाले आत्ता समजलं? बरं, समजलं तं समजलं, तीन-तीनदा काहून समजून राहिलं?’

‘सचिवकाकांनी काही दाबलं असन, काकू,’ मी म्हणालो. जीभच ती, आपोआप चालली.

‘हव? त्याले म्हणा, ह्यायनं मांडलेल्या खुर्चीवरच बसत होता तू.’

त्यानंतर काकू मंडळात आल्या नाहीत. सचिवकाका मला विचारायचे, ‘वहिनी माझा फोन काहून नाही उचलत?’ काकांना खांदा देणारा पहिला माणूस तोच होता.

राहून गेलेली ओळ मी पाच मिनिटांत लिहिली. नवा रायपूरला जायला तीन आठवडे लागले. त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर माझी स्कूटर बैलगाडीपेक्षा हळू चालली, ही मात्र थाप नाही.

‘काकू, ते मीच केलं होतं.’

त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला.

‘लाव त्याले. अन् माह्यासमोर सांग.’

मी लावला. पलीकडून सचिवकाका आनंदानं ‘वहिनी!’ म्हणाले, आणि मला एकही थाप सुचली नाही.