एक फेरी आधी वाजलेली बेल

मी खारदांड्याचा कोळी, निवृत्त हवालदार प्रकाश वैती. सध्या अंधेरीला एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर. लोक विचारतात, फौजेत काय केलंत? मी सांगतो, धावलो. हसतात. हसू देत. तीन हजार मीटर, म्हणजे ट्रॅकच्या साडेसात फेऱ्या. नऊ वर्षं तेच केलं.

पलटणीत दुसरा मुंबईकर एकच, नाईक समीर परब. पार्ल्याचा, मूळ मालवणकडचा. रोज ०५०० ला ग्राउंडवर आम्ही दोघं. तो माझ्यापेक्षा चांगला धावायचा. तेव्हा हे कबूल करताना माझी जीभ झडली असती.

मी फेऱ्या बोटांवर मोजायचो. सुरुवातीच्या अर्ध्या फेरीपासूनच, रेषा ओलांडली की एक बोट दुमडायचं. डावा हात संपला की उजवा. समीर मोजायचा नाही.

"मरू दे रे पक्या. शेवटच्या फेरीला बेल वाजते ना? ते त्यांचं काम."

कमांडच्या स्पर्धा होत्या. नॅशनल कॅम्पला जागा एकच. हरेल तो आरटीयू, म्हणजे परत पलटणीत. आणि पलटण त्याच महिन्यात बर्फातल्या पोस्टवर चढणार होती.

०७३० ला गन झाली. समीर पहिल्यापासून पुढे. बेलवर एक सुभेदार मेजर बसले होते. शेजारी चहाचा कप, कोणा पाहुण्याशी गप्पा. मी रेषा ओलांडली तेव्हा उजव्या हाताचं एकच बोट दुमडलं होतं. बेल दुसऱ्या बोटाला वाजायला हवी.

बेल वाजली.

समीरने होतं नव्हतं ते काढलं आणि सुसाट सुटला. मागचे दोघंतिघंही बिथरून धावले. मी माझी चाल सोडली नाही. तो माझ्यापुढे तीस पावलांवर होता. ओरडलो असतो तर ऐकू गेलं असतं. "सम्या, अजून दोन!" एवढंच. मी तोंड मिटून धावलो.

त्याने रेषेवर हात वर केले आणि थांबला. जज खेकसला, "रुको मत! एक लॅप बाकी!" तो पुन्हा निघाला, पण पायात काही उरलं नव्हतं. चौथा आला. मी पहिला.

०८१५ ला कॅप्टनसाहेबांसमोर आम्ही तिघं उभे. सुभेदार मेजर म्हणाले, "बेल बरोबर होती, सर. जवान गडबडला."

समीर म्हणाला, "सर, वैतीला विचारा. तो बोटांवर मोजतो."

"वैती?"

"याद नहीं, सर."

रिपोर्टवर लिहिलं गेलं, धावपटूचं भान सुटलं. संध्याकाळी त्याने ट्रंक भरली. माझ्याशी बोलला नाही. बरोबरच केलं.

सात महिन्यांनी दोन पोस्टमधल्या लिंक पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, बर्फ सरकला. ११२० ला पोस्टच्या वायरलेस सेटवर मेसेज आला, "वन मॅन मिसिंग. ओव्हर." तो समीर. मी तेव्हा कॅम्पमध्ये अंडी, दूध खात, फिजिओकडून पाय चोळून घेत होतो. त्या कॅम्पमधून पुढे काहीही झालो नाही.

यंदा पार्ल्यातल्या मंडळाने समीरच्या नावाने तीन हजार मीटरची शर्यत ठेवली. आणि बेल वाजवायला बोलावलं कोणाला? त्याच सुभेदार मेजरना! पोरांना काय माहीत, फौजेतले साहेब म्हणून बोलावले. साहेब शाल पांघरून माईकवर म्हणाले, "समीर शेर था. बस, उस दिन लॅप गिनना भूल गया बेचारा."

माझं टाळकं सटकलं. इतकी वर्षं झाली, माणूस बर्फात गेला, तरी चूक त्याचीच? मी माईक ओढून घेतला.

"खोटं आहे! बेल या माणसाने एक फेरी आधी वाजवली. मला माहीत होतं. मी मोजत होतो."

साहेब उठायला लागले. मी म्हटलं, "बसा, सर." बसले.

पहिल्या रांगेत समीरची आई होती. काकी उठून माझ्यासमोर आल्या.

"मगे तू आराडलंस कित्याक नाय?"

"मला कॅम्प हवा होता, काकी. विचारलं तेव्हाही खोटं बोललो."

वाटलं, कानाखाली देतील. दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी साहेबांपुढची पितळी घंटा उचलली आणि माझ्या हातात कोंबली.

"मोज," त्या म्हणाल्या. "आणि मोठ्यान सांग."

०७४० ला शर्यत सुटली. मी रेषेवर उभा राहिलो. कॉलेजची पोरं समोरून जात होती आणि प्रत्येक वेळी मी ओरडत होतो, अजून सात, अजून सहा, अजून पाच. घसा बसला. "अजून दोन!" म्हणताना आवाजच फुटेना, तेव्हा मागून काकी ओरडल्या.

नाईक समीर परब. त्या दिवशी वाजलेल्या बेलवर तो जिंकला होता.